लहान शाळा मोडू नका

निजामाच्या राज्यात जालन्यातल्या मराठी मुलाला माध्यमिक शिक्षण घ्यायचे तर ते उर्दूतून घ्यावे लागे. १९४८ नंतर ती अडचण सरली. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळा वाड्या-तांड्यांपर्यंत पोचल्या. स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल मात्र तेव्हाही ‘वेडसर’ म्हणून घरीच राहिले.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांतून स्वमग्नतेचे वर्णन केले ते १९४३ साली. आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात तिचा उल्लेखही नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, २०१२च्या दुरुस्तीने ही मुले शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेत आली आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नता नोंदवली. कॅनर यांच्यापासून इथवर यायला ७३ वर्षे लागली. एवढ्या काळात किती मुले शाळेविना मोठी झाली, याचा हिशेब कुणी ठेवला?

आता हजेरीपटावर नाव येते, पण पुढे काय? परिपाठाला ध्वनिक्षेपक लागला की असे मूल कान दाबून व्हरांड्यात पळते. खिचडीत वरण मिसळले तर ताट सरकवते. गुरुजी ओरडले की आणखी बिथरते. त्याला रोजची तीच जागा, तीच माणसे, तोच क्रम लागतो. वीस पटाच्या गावच्या शाळेत हे सहज जमते. गुरुजी घर ओळखतात, पोरे त्याच्या सवयी ओळखतात. म्हणूनच कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना गाडीने दूरच्या मोठ्या शाळेत नेण्याचा विचार मला या मुलांवर अन्याय वाटतो. अंबड, घनसावंगी, मंठा भागात तर दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. घडी बसलेली असतानाच मूल त्यांच्याबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जाते, आणि उन्हाळ्यात परतते तेव्हा सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. अशा मुलाला आजीपाशी गावातच ठेवता यावे, यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय त्याच्या गरजेप्रमाणे वळवायला हवी.

या मुलांना शिकवणारा विशेष शिक्षकही हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले आहे. नुसत्या प्रशिक्षणाच्या पत्रकांनी ते प्रमाण गाठता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या गावातल्या अशा मुलाचे नाव घेऊन ठराव करावा आणि विशेष शिक्षक लेखी मागावा. कायद्याने तो त्या मुलाचा हक्क आहे.