ग्रामपंचायतीची वेबसाईट झाली, पण डोमेन कोणाच्या नावावर आहे?

मध्यंतरी धडगावहून एका मित्राचा फोन आला. "अरे, आमच्या संस्थेची वेबसाईट उघडली की रमी खेळायला बोलावतेय. हॅक झाली का?" मी पुण्यात बसून तपासलं. हॅक वगैरे काही नव्हतं. डोमेनची मुदत संपली होती, पैसे कुणी भरले नव्हते, आणि नाव मोकळं झाल्यावर भलत्याच कुणीतरी ते घेतलं होतं. वेबसाईट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलेलं आणि त्याचा नंबर बंद. संस्थेकडे एक बिल होतं. त्यावर लिहिलेलं, 'वेबसाईट, १ नग'.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने सरकारी कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम काढला, त्यातल्या सात मुद्द्यांमध्ये वेबसाईट सुधारणं हा एक मुद्दा होता. मग १७ सप्टेंबर २०२५ ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं आणि सुशासनाच्या गुणांसाठी ग्रामपंचायतींचीही वेबसाईट बनवायची धावपळ उडाली. अक्राणीसारख्या तालुक्यात, जिथे काही पाड्यांवर ओटीपी यायला टेकडीवर जावं लागतं, तिथेही. वेबसाईट हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे किती ठिकाणी कुणी विचारलं असेल?

आधी डोमेन म्हणजे काय ते बघू. वेबसाईट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, ते होस्टिंग. आणि लोक जो पत्ता टाइप करतात, ते डोमेन. दोन्ही वेगवेगळे विकत घ्यावे लागतात. किंबहुना डोमेन विकत मिळतच नाही, ते भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं, मग पुन्हा पैसे भरायचे. या सगळ्या व्यवस्थेच्या वर आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिच्याखाली प्रत्येक शेवटाचा एक सांभाळणारा असतो. डॉट इन हा शेवट आपल्याकडे निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया सांभाळते. त्याखाली नावं विकणाऱ्या कंपन्या, म्हणजे रजिस्ट्रार. आणि सगळ्यात खाली ज्याच्या नावाने नोंद झाली तो, रजिस्ट्रंट.

भांडण होतं ते याच शेवटच्या पायरीवर. पैसे कोणी दिले, फोटो कोणाचे, लोगो कोणी काढला, याला रजिस्ट्रार विचारत नाही. नोंद कोणाच्या नावावर आहे आणि लॉगिनचा ईमेल कोणाचा आहे, एवढंच तो बघतो. धडगाव भागात ही गोष्ट समजवायला फार शब्द लागत नाहीत. पिढ्यान् पिढ्या जमीन कसली, पण कागदावर नाव नाही म्हणून वनहक्काचे दावे घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढलेली माणसं घरोघरी आहेत. डोमेनची नोंद हा त्या वेबसाईटचा सातबारा आहे. फरक इतकाच की इथे वहिवाट सिद्ध करायला ग्रामसभा नाही. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची तक्रार पद्धत आहे, पण तिथे नावावरचा हक्क कागदांनी दाखवावा लागतो, फी भरावी लागते. एवढं कोण करतं?

बरं, विसरणं फक्त लहान गावांचं काम आहे असंही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट स्वतःचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. मायक्रोसॉफ्टला असा भला माणूस भेटला, आपल्याला रमीवाला भेटतो.

आता प्रश्न हा, की ग्रामपंचायतीचं डोमेन सांभाळायचं कोणी? बनवणाऱ्याने नाही, हे उघड आहे. सरपंचाने स्वतःच्या जीमेलवर? पाच वर्षांनी निवडणूक. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने? त्यांची बदली होते आणि ओटीपी त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सरकारी संस्थेचं नाव 'गव्ह डॉट इन'खालीच हवं. हा शेवट एनआयसी देते आणि तो फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो, अधिकृत पत्राशिवाय नाही. सरकारी वेबसाईट्ससाठी केंद्राची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तीही हेच सांगतात. नंदुरबार जिल्ह्याची वेबसाईट याच पत्त्यावर आहे.

नुसतं डॉट इन मात्र जगातला कोणीही घेऊ शकतो. तुमच्या गावाच्या नावापुढे 'ग्रामपंचायत' लावून, कर भरायचा क्यूआर टाकून, कोणीही. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटवरून जन्मदाखले देण्याचे प्रकार देशात उघड झालेलेच आहेत. एक सवय लावून घ्या: पत्ता उजवीकडून वाचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय आहे, ते बघा. तिथे 'गव्ह डॉट इन' असेल तर ठीक. 'गव्ह डॉट इन' मध्येच कुठेतरी आणि शेवट डॉट कॉम किंवा डॉट को असेल, तर तो सापळा समजा. रिझर्व्ह बँकेनेही हेच ओळखून एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन'वर जा. हा शेवट फक्त बँकांना मिळतो, आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्या आदेशात आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खोटा वाटत नाही. सगळं एनआयसीच्या हातात दिलं तर गावाच्या नावाची चावी दिल्लीला गेली ना? शिवाय पत्र, मंजुरी, पुन्हा पत्र. ठेकेदार मात्र दहा मिनिटांत डोमेन घेऊन देतो. उशीर होतो हे खरंच, आणि तो तालुका पातळीवर कमी करायला हवा. पंचायत समितीने सगळ्या गावांचे अर्ज एकत्र पाठवले तरी बरंच काम हलकं होईल. पण चावी कोणाच्या तरी हातात असतेच. बिगरसरकारी संस्थांच्या आवडीचं डॉट ऑर्ग घ्या. २०१९ मध्ये ती अख्खी रजिस्ट्री एका खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकायचा सौदा ठरला होता. जगभरातल्या संस्थांनी ओरड केली आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. एनआयसीला निदान माहिती अधिकारात प्रश्न तरी विचारता येतो.

देवनागरी पत्ताही मिळतो. डॉट भारत हा शेवट २०१४ पासून आहे आणि 'सरकार डॉट भारत' सरकारी कामासाठी राखीव आहे. दिसायला छान, पण काही फॉर्म आणि ईमेल सेवा तो अजून नीट घेत नाहीत, त्यामुळे जोडीला म्हणून ठेवा.

ज्यांची वेबसाईट आधीच डॉट इनवर झाली आहे, त्यांनी निक्सीच्या रजिस्ट्रीच्या पानावर आपलं नाव टाकून बघा. रजिस्ट्रंटच्या जागी ठेकेदाराचं नाव दिसलं तर शेवटचं बिल देण्याआधी दोन गोष्टी मागा: नोंद संस्थेच्या नावावर, आणि डोमेन हलवायला लागणारा कोड. ईमेल कार्यालयाचा द्या, माणसाचा नको. मुदतीची तारीख घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, कारण ते रजिस्टर दरवर्षी उघडलं जातं. मुदत संपून गेली असेल तरी घाबरू नका. त्यानंतर काही दिवस जुन्याच दरात आणि पुढे दंड भरून नाव परत मिळवता येतं. मित्राच्या संस्थेची ती वेळ निघून गेली होती. त्यांनी नवीन नाव घेतलं. जुनं नाव पावतीपुस्तकांवर छापलेलं आहे आणि ती पुस्तकं अजून संपलेली नाहीत, म्हणून सध्या ते पेनाने खोडून पावत्या देतात.