नववा दिवा

आगमनकाळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात हनुक्काचा विषय निघतोच. यहुदी बांधवांची ती नऊ दिव्यांची समई आपणही घरी लावावी का? आमचे मत असे की, शोभेसाठी लावू नये.

सण प्रभू येशूला परका नव्हता. योहानाच्या दहाव्या अध्यायात ऐन हिवाळ्यात तो याच सणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरात फिरताना दिसतो. इ. स. पूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबीने विटाळलेले मंदिर शुद्ध केले, त्याची ही आठवण. शम्मायच्या शिष्यांचे म्हणणे, आठ दिव्यांपासून रोज एक कमी करा. हिल्लेलचे म्हणत, एकापासून वाढवत न्या. रीत हिल्लेलची टिकली. त्या आठांच्या उजेडात काम करायचे नसते. त्यांना पेटवणारा नववा तो शम्माश, म्हणजे सेवक. जागा खिडकीची, रस्त्यावरून दिसेल अशी.

१९९३ साली अमेरिकेतील बिलिंग्ज शहरात अशाच एका खिडकीवर वीट फेकली गेली. तिथल्या वर्तमानपत्राने या समईचे पानभर चित्र छापले आणि हजारो घरांनी, बहुतेक ख्रिस्तीच, ते आपापल्या खिडक्यांत लावले. शेजाऱ्यावरची वीट आपल्या काचेवर घ्यायची तयारी असेल, तर तो दिवा आम्हाला मान्य आहे.

एरवी आगमनकाळाची मेणबत्ती लावताना मक्काबीच्या पहिल्या ग्रंथाचा चौथा अध्याय वाचावा. (ज्यांच्या बायबलमध्ये तो नाही, त्यांनी शेजारून आणावा!) आणि आपलीच मराठी बोलणाऱ्या एखाद्या बेने इस्राएल कुटुंबाचे बोलावणे आले तर जरूर जावे. दिवा त्यांना लावू द्यावा.