दुसऱ्याच्या जमिनीवरचे माळवे



मागच्या खेपेला येथील बाजाराविषयी लिहिले, त्यावर नाशिकरोडच्या एका ताईंचे पत्र आले. त्या विचारतात, "इतकी वर्षे थायलंडात आहात, बुद्धाचा देश आहे, मग तिथेच जागा घेऊन घर का बांधत नाही? भाडे का भरत बसता?" प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ आहे. घेता येत नाही.

येथील १९५४ च्या जमीन कायद्याप्रमाणे परक्या देशाच्या माणसाला सहसा जमीन विकत मिळत नाही. इमारतीतला ब्लॉक घेता येतो, पण एका इमारतीत परकीयांची मालकी ४९ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. जमीन भाडेपट्ट्याने मिळते, तीही एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षे. तीन वर्षांच्या वरचा करार असेल तर तो जमीन कचेरीत नोंदवावा लागतो. शिवाय दर ९० दिवसांनी आपण कोठे राहतो हे सरकारला कळवायचे. म्हणजे पाहुणा कितीही जुना झाला तरी पाहुणाच.

आमच्या घराण्यात जमीन कधीच नव्हती. सासूबाईंनी उभा जन्म दुसऱ्याच्या रानात भांगलण केली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात सासरे तुरुंगात जाऊन आले. जमीन मिळाली नाही ती नाहीच. २००७ साली मिस्टरांना येथल्या कारखान्यात मेंटेनन्सचे काम लागले आणि आम्ही निघालो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिकडं तरी दोन गुंठं बघा." दोन गुंठे मिळाले. पण भाड्याने!

येथे जमीन 'वा' मध्ये मोजतात. एक वा म्हणजे दोन मीटर. ४०० चौरस वा म्हणजे एक राय, म्हणजे १६०० चौरस मीटर. आमचे घर पाथुम थानी प्रांतात, बँकॉकच्या उत्तरेला लागून. जागा ५० चौरस वा, म्हणजे २०० चौरस मीटर. आपले जेमतेम दोन गुंठेच झाले. त्यात खाली-वर दोन-दोन खोल्या, मागे पत्र्याखाली स्वयंपाकघर आणि पुढे अंगण. मिरचीची फोडणी घरभर ठसकू नये म्हणून येथे चूल घराच्या मागे उघड्यावर ठेवतात. पद्धत मला फार आवडली.

मालकीणबाईंना आम्ही 'पा' म्हणतो. थाई भाषेत आई-बापाच्या थोरल्या बहिणीला पा म्हणतात. वयस्कर बाईला परक्यानेही तसेच म्हणायचे. त्या मला 'नोंग' म्हणतात, म्हणजे धाकटी.

पहिल्या वर्षी अंगणात वाफे करून मेथी आणि कोथिंबीर पेरली. काही आले नाही. मी बियाण्याला दोष दिला. पा आल्या, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि हसल्या. त्यांनी समजावले ते असे. हा सगळा सखल, पाणथळ मुलूख. घर बांधण्याआधी दुसरीकडून माती आणून जमीन उंच करतात. ही भरावाची माती खोल खणून काढलेली असते, चिकट आणि निर्जीव. त्यातून पाथुम थानीची माती मुळातच आंबट. तिला चुना दिल्याशिवाय ती भाजी देत नाही. शिवाय मेथी-कोथिंबिरीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढीच काय ती थंडी. आणि मी पेरली होती एप्रिलात, जेव्हा येथे माणसेसुद्धा करपतात.

मग मिस्टरांनी रविवारी-रविवारी कामाला हात घातला. वाफे खोदण्याऐवजी हातभर उंच केले आणि मधून चर काढले. आधी चुन्याची पूड मिसळून पंधरा दिवस माती तशीच ठेवली. मग शेणखत, नारळाच्या काथ्याचा भुगा आणि भाताची करपवलेली काळी तुसे घातली. येथे भात अमाप, म्हणून ही तुसे पोत्याने मिळतात आणि चिकट माती मोकळी करायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. आपल्याकडे कोकणात नि भंडाऱ्याकडे भाताच्या गिरण्या आहेत, तेथील भगिनींनी कुंडीत करून पाहावे.

पहिली आली ती फाक बुंग. आपल्याकडे तळ्याकाठी नाळीची भाजी येते ना, तीच. बी रात्रभर भिजत घालायचे, दाट पेरायचे आणि वीस-पंचवीस दिवसांत कापायचे. मोठ्या जाळावर लसूण, मिरची नि सोयाबीनच्या खारट सॉसमध्ये परतली की झाले. मी मात्र भाकरीबरोबर लसूण-डाळ घालूनच करते. पुढे चवळीच्या हातभर लांब शेंगा झाल्या, दोडका झाला, कारले झाले, हिरवी गोल वांगी झाली. तोंडलीच्या वेलाची गंमत सांगते. आपण फळ खातो आणि पाला टाकतो. येथे कोवळा पाला सूपमध्ये घालतात आणि तोंडल्यांकडे कोणी पाहत नाही. मी तोंडली तोडते, पा पाला नेतात. एका वेलावर दोन घरे! कडुनिंबाचा कोवळा फुलोराही येथे भाजीसारखा उकडून गोड चिंचेच्या चटणीबरोबर खातात. आपल्याकडे पाडव्याच्या दिवशी दोन पाने चघळताना मुलांची तोंडे पाहा!

अंगणात ऊन सर्वांत चांगले कोठे, तर पूर्वेच्या कोपऱ्यात. तेथेच नेमके खांबावरचे छोटे देवघर. जागेच्या राखणदाराचे ते घर, येथे घरोघरी असते आणि त्यावर घराची सावली पडू नये असा नियम, म्हणून उत्तम उन्हाची जागा त्यालाच! पा दर आठवड्याला तेथे फुले आणि लाल सरबताची बाटली ठेवतात. मुलगी लहान होती, ती विचारायची, "आई, ते सरबत पितं कोण?" आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, त्यापुढे हात जोडत नाही आणि पांनी कधी जोडायला सांगितलेही नाही. मिस्टरांच्या मनात ते हलवण्याविषयी विचारावे असे होते. मी म्हटले, जागा त्यांची, श्रद्धा त्यांची. वाफा त्याच्या भोवतीने वळवला. विहारात सुत्तपठण करणाऱ्या पा घरी राखणदाराला सरबत देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आता घरकामाचे. येथे नळाचे पाइप निळे आणि विजेच्या तारांचे पिवळे, त्यामुळे भिंत फोडताना घोळ होत नाही. पाइपाची जाडी 'हुन' मध्ये सांगतात. दुकानदार म्हणाला, "चार हुन की सहा हुन?" मिस्टर गोंधळले. त्याने मोजपट्टी दाखवली. आठ हुनांचा इंच. अहो, हे तर आपल्या गवंडी-सुतारांचे सूत! चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. त्या दिवसापासून मिस्टरांना तो देश परका वाटेनासा झाला. पंपाच्या लायनीला पाइप घेताना त्यावर १३.५ हा आकडा पाहून घेतात, तो दाब सोसण्याचा. स्वस्तातला ५ आकड्याचा पाइप पंपाला लावला की कधी तरी रात्री फुटतो. आमचा फुटला.

पण पाइप फुटला तर पाणीच जाते. विजेचे तसे नाही. २००८ साली मुलगी पाच वर्षांची होती. न्हाणीघरातून ओरडली, "आई, पाण्यात मुंग्या आहेत!" मी जाऊन पाहिले, मुंगी एकही नाही. मी नळाला हात लावला आणि मलाही त्या 'मुंग्या' चावल्या. मिस्टरांनी मेन बंद करून पाणी तापवायचे यंत्र उघडले. हिरवी तार मागे गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही! यंत्र ३५०० वॅटचे, म्हणजे सोळा अँपिअर वीज लेकराच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. ज्याने बसवले त्याने पैसे पूर्ण घेतले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी २.४ मीटर लांब, पाच सूत जाडीची तांब्याचा मुलामा दिलेली सळई आणून घरामागे पूर्ण ठोकली, तिच्यापासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून यंत्रापर्यंत तार ओढली आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर बसवला. त्या ब्रेकरचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे, तो तुटला पाहिजे. अर्थिंगच्या तारेला थाई भाषेत 'साय दिन' म्हणतात, म्हणजे मातीची तार. आपल्या चाळींतून मी पाहिले आहे, हिरवी तार भिंतीतल्या खिळ्याला नाही तर नळाला बांधून मोकळे होतात. खिळा म्हणजे माती नव्हे, आणि नळ आता प्लास्टिकचे आहेत. गीझर असो, पाण्यात सोडायचा रॉड असो, इस्त्री असो, घरात मातीची तार मातीपर्यंत गेली आहे का हे जाणकाराकडून तपासून घ्या. कराच हे. स्वतः खटपट करायची तर मेन बंद करूनच, आणि काम येत असेल तरच.

२०११ च्या पावसाळ्यात वरच्या प्रांतांतून पाणी उतरत आले आणि ऑक्टोबरात आमच्या घरात शिरले. कारखान्यांच्या वसाहतीही बुडाल्या. आम्ही गॅस, कागदपत्रे आणि मिरचीच्या चार कुंड्या माडीवर नेल्या आणि चोनबुरीला ओळखीच्या घरी जाऊन राहिलो. सव्वा महिन्याने आलो तर खालच्या भुशाच्या फळ्यांची कपाटे चहात बुडालेल्या पावासारखी गळून पडली होती. वाफ्यांच्या जागी करडा, वासाचा चिखल. मुलीने कोयीपासून लावलेला आंबा उभा होता, पण मेलेला. जगल्या त्या माडीवरच्या मिरच्या.

नंतर सगळे वेगळ्या रीतीने केले. खालची विजेची बटणे छातीएवढी उंच नेली आणि खालच्या मजल्याची लाइन वेगळी केली, म्हणजे पाणी आले तर तेवढीच बंद करता येते. ओटा सिमेंटचा बांधला, मांडण्या लोखंडी अँगलच्या केल्या, खिळ्याऐवजी नटबोल्ट, उद्या खोलून नेता येतील अशा. आणि लिंबे सिमेंटच्या कड्यांत लावली. विहिरीला वापरतात तशी मीटरभर रुंदीची कडी येथे सर्रास मिळतात. तळाला फरशी, वर माती आणि त्यात कागदी लिंबाचे कलम. पावसाळ्यात लिंबू येथे मातीमोल विकते आणि मार्च-एप्रिलात कित्येक वर्षी एका लिंबाचा भाव अंड्याच्या वर जातो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात कड्यावर प्लास्टिक झाकून पाणी तोडायचे. पाने मलूल होऊन काही गळली की खत-पाणी द्यायचे. फूल येते आणि साडेचार-पाच महिन्यांनी ऐन उन्हाळ्यात फळ हाती. गावाकडे फोनवर सासूबाईंना हे कौतुकाने सांगितले, तर म्हणाल्या, "अगं, हा हस्त बहार! मालकाच्या बागेत मी ताण दिलेली बाग किती तरी वर्षं खुरपली." बागेचे सगळे ज्ञान त्यांच्याकडे होते, बाग तेवढी नव्हती.

मुलीने हट्टाने आंबा पुन्हा लावला, २०१२ साली, कलमाचा. मी नको म्हणत होते. वीस दिवसांची भाजी लावावी, घर सोडायची वेळ आली तर कापून खाऊन निघता येते. झाड कोठे नेणार? पण झाड वाढले, चौथ्या वर्षी धरले आणि आता त्याची सावली मागच्या चुलीपर्यंत येते.

गेल्या महिन्यात पांचा मुलगा आला. पा थकल्या आहेत, त्यांना तो आपल्याकडे नेतो आहे आणि ही जागा विकली गेली. नवा मालक पुराच्या भीतीने अंगणात आणखी हात-दीड हात भराव घालणार आहे. आम्हाला दोन गल्ल्या सोडून दुसरे घर मिळाले. मांडण्या खोलल्या. लिंबांची सहा कडी टेम्पोतून जातील, एकेका कड्याला चार माणसे लागतील एवढेच. पण आंब्याच्या खोडाभोवती भराव पडला तर खोड कुजते, मुळांना हवा मिळत नाही, झाड दोन-तीन वर्षांत मरते. मिस्टरांनी नव्या मालकाला मोबाइलवर चित्र काढून दाखवले. झाड तोडायचे त्याच्या मनात नव्हते. तो म्हणाला, बांधायचे तर बांधा, मी भराव बाहेरून घालीन.

परवाच्या रविवारी मिस्टर, मुलगी आणि मी खोडापासून चार हात जागा सोडून विटांची गोल भिंत घातली, खालच्या थरात पाणी-हवेसाठी फटी ठेवल्या. दोनशे विटा आणि सिमेंटच्या दोन गोण्या लागल्या. एवढ्याने झाड जगेलच असे नाही, असे मिस्टर म्हणतात. पा खुर्ची टाकून बसल्या होत्या. जाताना त्यांनी मला तोंडलीच्या वेलाचे चार तुकडे ओल्या फडक्यात बांधून दिले आणि नव्या घरी कुंपणाजवळ लाव म्हणाल्या. लावले आहेत. दोन फुटले.