कातडे कमावतो कोण, कमाई कुणाची?



जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी झळकली, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही म्हणून देशभर गदारोळ उठला. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. कारण २०१९ च्या भौगोलिक मानांकनाची मालकी याचिकाकर्त्यांकडे नव्हे, तर महाराष्ट्र व कर्नाटक सरकारच्या दोन चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. डिसेंबरात त्याच महामंडळांशी कंपनीचा करार झाला : २,००० जोड येथे बनवायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. झाले, अभिमानाचे नगारे वाजले!

माझा सवाल साधा आहे. या सगळ्या गोंगाटात कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाच्या कारागिराचे नाव तुम्ही एकदा तरी वाचलेत काय?

कोल्हापुरीचा प्राण नक्षीत नाही, कातड्यात आहे. म्हशीचे कातडे चुन्याच्या कुंडीत भिजवायचे, केस आणि मांस खरवडून काढायचे, धुवायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा. कातडे पिशवीसारखे शिवून, आत कुटलेली साल व हिरडा भरून, पाणी ओतून ते टांगायचे. खाली पाझरलेला रस गोळा करून पुन्हा वर ओतायचा, दिवसामागून दिवस. नंतर पिशवी उलटी टांगायची. क्रोमच्या रसायनात हेच काम थोड्या दिवसांत उरकते. सालीच्या कातड्याला कित्येक आठवडे लागतात, पण ते घाम शोषते, पायाचा आकार घेते, आणि त्याचा तळ खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवता येतो. वेण्या घालण्याचे काम घरोघरी बायका करतात. त्यांना तर कोणी कामगारही म्हणत नाही.

हे कातडे काही चपलेसाठीच जन्मले नव्हते. विहिरीवरची मोट, पाणक्याची पखाल, बैलाचा चाबूक, सारे याच हातांतून गेले. आपल्या जुन्या वर्कशॉपात एका शाफ्टवर रांगेने मशिनी फिरत, तो पट्टा चामड्याचा. जुन्या पोस्टमनच्या खांद्यावरची थैलीही चामड्याची. पंप आला, मोट गेली. उरली फक्त चप्पल. तीत आता चेन्नईकडून तयार कातडे येते. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचे कातडे मिळणेही अवघड झाले. त्यात जानेवारी २०२२ मध्ये हजारापर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाचवरून बारा टक्के केला. तो पुन्हा पाचवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. तोवर किती कुंड्या कोरड्या पडल्या असतील?

काही कॉम्रेड म्हणतात, "तो स्वतंत्र कारागीर, त्याला मस्टर नाही, मालक नाही, युनियनचे तेथे काय काम?" टपाल खात्यातल्या भावांनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? ईडी कर्मचाऱ्याला, आजच्या ग्रामीण डाक सेवकाला, हेच ऐकवले गेले : तू खात्याचा नियमित नोकर नाहीस! यार्डात डबे धुणाऱ्या कंत्राटी पोरांनाही हेच. जो व्यापाऱ्याची उचल घेतो आणि व्यापारी ठरवील त्या दराने माल घालतो, त्याला मालक नाही कसा? मालक आहे, फक्त मस्टर नाही.

कर्नाटकाच्या त्या महामंडळाला बाबू जगजीवनराम यांचे नाव आहे. स्वतंत्र भारताचे ते पहिले कामगारमंत्री, पुढे दळणवळणमंत्री, मग रेल्वेमंत्री. म्हणजे तुमचे आणि माझे, दोघांचेही मंत्री. त्यांचा जन्मही चामड्याचे काम करणाऱ्या जातीतला. त्या नावाच्या महामंडळाने करारात कातडे कमावणाऱ्याचा दर किती धरला, हे जाहीर करावे. महाराष्ट्राच्या संत रोहिदास महामंडळानेही करावे. आठशे युरोंतले त्याला किती?

आणि आपणही थोडे आरशात पाहावे. फलाटावर दोनशे रुपयांची रेक्झिनची 'कोल्हापुरी' घेऊन अस्मितेच्या गप्पा मारणारे आपल्यातच आहेत. (मीही एकदा घेतली होती. पहिल्या पावसात तळ सुटला.) येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या क्रेडिट सोसायटीत ठराव आणावा : सालीत कमावलेल्या कातड्याचे जोड थेट कारागिरांच्या गटाकडून, पूर्ण दराने, आगाऊ रक्कम देऊन घ्यायचे, पगारातून हप्ते कापायचे. पायाची मापे शाखा सचिवांनी ऑगस्टअखेर गोळा करावीत. कातडे तयार व्हायला वेळ लागतो.