५० लाखांचं अनुदान आणि खेचराचा धंदा : आधी गिऱ्हाईक बघा, मग गाढव

सध्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'घोडे, गाढव, खेचर पाळा, सरकार ५० लाख देतंय.' आमच्या भागातल्या दोन-तीन पोरांनी मला फोन करून विचारलं, "भाऊ, बसायच्या खेचराची पैदास करावी का? डोंगरात लई मागणी आहे म्हणतात." मी जनावरांचा डॉक्टर नाही. पण आमच्या घरी वडिलांच्या काळापासून घोडी असते आणि बाजार फिरून डोळा तयार झालाय. म्हणून हा विषय नीट मांडतो.

मेसेज अर्धा खरा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केला. त्यात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगाला ५० टक्के भांडवली अनुदान ठेवलं, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. म्हणजे प्रकल्प एक कोटीचा असेल तेव्हा ५० लाख. उरलेला निम्मा पैसा स्वतःचा नाहीतर बँकेच्या कर्जाचा. पैसे फुकट मिळत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा.

सरकारला ही योजना का आणावी लागली? २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती. २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास उरली. खेचरं दोन लाखांवरून ८४ हजारांवर आली. वीटभट्टीवर, वाळूवर, मातीकामावर ट्रॅक्टर आणि जेसीबी आले आणि जनावराचं काम गेलं. तेव्हा मागणी वाढली म्हणून ही योजना आलेली नाही. जात संपत चालली म्हणून आलीय. दोन्हींत फरक आहे.

आता मूळ प्रश्न, जोडी कशी निवडायची.

खेचर म्हणजे बाप गाढव आणि आई घोडी. घोड्यात ६४ गुणसूत्रं, गाढवात ६२, खेचरात ६३. त्यामुळं खेचराला पुढं पिल्लं होत नाहीत. गाय पाळली की कालवड होते आणि गोठा वाढतो, तसं इथं नाही. प्रत्येक खेचरासाठी घोडी पुन्हा लावावी लागते आणि ती वर्षाला फार तर एकच शिंगरू देते.

उंची, पाठ आणि चाल यांत आईचा वाटा मोठा. बापाकडून कान, खूर, काटकपणा आणि सावधपणा येतो. लोक बाजारात गाढव बघण्यात दिवस घालवतात आणि घोडी मिळेल ती घेतात. करायचं उलटं असतं.

घोडी बघताना पाठ फार लांब नको, खांदा तिरका हवा. खोगीर जिथं टेकतं तिथं मानेमागचा उंचवटा ठळक हवा. खेचराचा हा भाग मुळातच सपाट असतो. आईचाही सपाट असला तर उतारावर खोगीर मानेवर सरकतं आणि दुमची बांधल्याशिवाय चालत नाही. पुढचे पाय सरळ बघा, मागचे गुडघे आत वळलेले नकोत. एखादं वेत झालेली, पाच ते दहा वर्षांची घोडी बरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वभाव. शिंगरू सहा महिने आईच्या मागं फिरतं. चावरी, लाथाळ घोडी पोराला तेच शिकवते. असं खेचर ओझ्याला चालेल, माणूस बसवायला नाही.

आपल्या भीमाकाठची भीमथडी घोडी बुटकी, पण काटक. धनगरांचा बिऱ्हाडाचा बोजा तिनंच वाहिला. या जातीला अलीकडं राष्ट्रीय पातळीवर अधिकृत मान्यताही मिळाली. तिच्या पोटी ओझ्याचं खेचर चांगलं होईल. मोठ्या माणसाला बसायला मात्र जरा उंच घोडी लागते. पण भीमथडीची संख्याच कमी आहे. तिच्या पोटी खेचर घेतलं की जातीचं एक शिंगरू कमी झालं, हाही विचार करा.

आता गाढव. आपलं गावरान गाढव अंगानं लहान. उंच घोडीला ते पुरत नाही, घोडी खोलगट जागेत उभी करावी लागते. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात काठेवाडी गाढवं येतात, ती उंच आणि भावालाही चढी. गुजरातचं हालारी गाढव पांढरं आणि मोठं. बघताना दोन्ही अंड खाली उतरलेली आहेत का, वरचे-खालचे दात नीट जुळतात का, खूर घट्ट आहेत का, पायाचं हाड जाड आहे का, हे स्वतः तपासा. आणि एक गोष्ट हमखास विचारा, हे गाढव घोडीला लावलंय का? कायम गाढविणीतच राहिलेलं नर गाढव घोडीकडं बघतसुद्धा नाही. त्याला लहानपणापासून घोड्यांत वाढवावं लागतं. नाहीतर पैसे गेले आणि गाढव दारात उभं.

कृत्रिम रेतनाचाही मार्ग आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं आणि त्याच्या बिकानेरच्या शाखेनं यावर काम केलंय. गाढव विकत घेण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत तिथं चौकशी करा.

दोन धोके मेसेजमध्ये कुणी सांगत नाही. पहिला काविळीचा. काही घोड्यांच्या अंगात गाढवाच्या रक्ताविरुद्ध द्रव्य तयार होतं आणि ते चिकात उतरतं. खेचराचं शिंगरू तो चीक प्यालं की त्याच्या रक्तपेशी फुटतात. शिंगरू पिवळं पडतं आणि दोन-चार दिवसांत मरूही शकतं. पहिल्या वेतापेक्षा पुढच्या वेतांत हा धोका जास्त. म्हणून विण्याआधी डॉक्टरकडून रक्त तपासून घ्यायचं. धोका असेल तर दीड-दोन दिवस शिंगराला मुसकी घालायची, आईचा चीक पिळून टाकायचा आणि दुसऱ्या घोडीचा चीक पाजायचा.

दुसरा धोका ग्लँडर्सचा. हा रोग माणसालाही होतो. तपासणीत जनावर बाधित निघालं तर कायद्यानं ते मारावं लागतं. त्यामुळं बाजारातून दावं हातात घेण्याआधी रक्ततपासणीचा दाखला मागा.

आता हिशोब. घोडीच्या पोटात ११ महिने, कधी १२. चार वर्षांआधी खेचरावर पूर्ण वजनाचा माणूस बसवू नये. नर खेचर त्याआधी खच्ची करावं लागतं, नाहीतर आवरत नाही. म्हणजे आज घोडी लावली तर पैसा पाच वर्षांनी. खाण्याला रोज १०० रुपये धरले तरी चार वर्षांत १ लाख ४६ हजार झाले. घोडीचं खाणं, नाल, औषध, शिकवणाऱ्याची मजुरी वेगळी. तेवढ्याच काळात त्याच घोडीला चांगला घोडा लावला असता तर अकलूजच्या घोडेबाजारात त्या शिंगराला काय भाव आला असता, हेही याच वहीत लिहा.

आणि विकायचं कुणाला? आपल्या सपाट जिल्ह्यात खेचरावर बसून कोण जाणार? माथेरानला घोडा चालतो, पण तिथंही आता ई-रिक्षा सुरू झाल्यात. खरी मागणी केदारनाथ, वैष्णोदेवीच्या वाटेवर, दीड-दोन हजार किलोमीटर लांब. मे २०२५ मध्ये केदारनाथच्या वाटेवर घोड्या-खेचरांत साथ आली आणि काही दिवस त्यांची ये-जा बंद ठेवावी लागली. लष्कर मोठं गिऱ्हाईक होतं. पण १५ जानेवारी २०२५ ला पुण्यात लष्कर दिनाच्या संचलनात यंत्राची खेचरं चालताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नुसत्या अनुदानाकडं बघून कर्ज काढू नका. घरात घोडी आहे, चारा आहे आणि उत्तरेतल्या व्यापाऱ्याशी बोलणं पक्कं झालंय, तर पाच-सात घोडीवाल्यांनी मिळून एक चांगलं गाढव ठेवावं आणि दोन घोड्यांवर आधी अनुभव घ्यावा. ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, त्यानं तो मेसेज पुढं पाठवण्याआधी पाच वर्षांचा हिशोब एकदा कागदावर मांडावा.