इंजिनाच्या पोटातलं सोलापूर

इनलाइन-सिक्स इंजिनाचा स्ट्रोक वाढवून सुपरचार्जर बसवायचा म्हटलं, की लोक आधी पिस्टन, कनेक्टिंग रॉड बघतात. ते फोर्ज्डच हवेत, बरोबर. पण कॅमशाफ्ट चुकीचा निवडला तर खर्च वाया. दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहिले, तर दाबून भरलेली हवा थेट एक्झॉस्टमधून पळते.

हे कॅमशाफ्ट आमच्या सोलापुरात बनतात. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ ची. इलेक्ट्रिक गाडीत मात्र व्हॉल्व्हच नाहीत, मग कॅमशाफ्ट कशाला? २०१८ मध्ये या कंपनीने इमॉस या डच इलेक्ट्रिक वाहन कंपनीत हिस्सा घेतला, तो याच संदर्भात बघा.

मी सॉफ्टवेअरवाला, नवी भाषा महिन्यात शिकतो. भट्टीवरच्या, ग्राइंडिंगवरच्या कामगाराला तेवढं सोपं नाही. हायब्रिडमध्ये इंजिन राहतंच. तेवढीच मुदत आपल्या हातात आहे.