अजगराला घरात कोंडू नका

दिवेआगरचे ग्रामस्थ, वाडीमालक आणि पर्यटकांना घरी उतरवून घेणारे सर्व बंधुभगिनी यांस,

पावसाळ्यात वाडीत अजगर निघतो. कधी खुराड्यापाशी, कधी सोडणांच्या ढिगात. लगेच गर्दी जमते, मोबाइल बाहेर येतात, ‘बिनविषारी आहे, घाबरू नका’ म्हणत कुणीतरी त्याला गळ्यात घेतो आणि फोटो निघतात. इथवरचा प्रकार जुनाच. आता त्यापुढची भाषा कानावर येते: पकडलाच आहे तर ठेवू या पिंजऱ्यात, पाहुण्यांना दाखवायला बरा. शहरातून येणारी तरुण मुले मोबाइलवर परदेशी बॉल पायथन दाखवतात आणि म्हणतात, हा तर मांजरासारखा पाळता येतो. या दोन्ही विचारांना विरोध करण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

अजगराला विष नाही, कारण त्याला विषाची गरजच पडत नाही. आत वळलेल्या दातांनी तो भक्ष्य धरतो आणि वेटोळे घालतो. भक्ष्य गुदमरून मरते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेतले संशोधक स्कॉट बोबॅक यांनी बोआ सापावर केलेले प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाले. वेटोळे आवळले की काही सेकंदांत उंदराचा रक्तदाब कोसळतो, रक्त फिरायचेच थांबू लागते, असे त्यांत दिसले. ही पकड एखाद्या पोराच्या छातीभोवती बसली, तर शेजाऱ्याला हाक मारायलाही उसंत मिळणार नाही.

हे पोकळ भय नाही. 1 जुलै 2009 रोजी फ्लोरिडात दोन वर्षांच्या मुलीचा घरातच जीव गेला. पाळलेला बर्मी अजगर रात्री पेटीतून निसटून तिच्या बिछान्यापर्यंत पोहोचला होता. त्याची लांबी होती साडेआठ फूट. आपल्या वाडीत निघणारा मोठा अजगर याहून लहान नसतो. ऑगस्ट 2013 मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावी प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात चार आणि सहा वर्षांचे दोन भाऊ झोपले होते. आफ्रिकी अजगर आपल्या खोलीतून हवेच्या नळीत शिरला आणि छतातून त्यांच्या खोलीत पडला. दोन्ही मुले गेली. दोन्ही ठिकाणी साप पाळीव होता, घरच्यांच्या रोजच्या बघण्यातला होता आणि कोंडलेलाही होता. अशा घटना जगात थोड्याच घडतात, हे मान्य. पण ज्या घरात पाहुण्यांची लेकरे पडवीत झोपतात, त्या घराने ‘थोड्याच’ या शब्दावर विसंबावे का?

‘आमचा माणसाळलाय’ असे सांगणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे, की साप सवयीने शांत राहतो, त्याला माया लागत नाही. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. कोंबडी सोललेला गरम हात त्याच्यापुढे गेला, की तो हात मालकाचा आहे हे त्याला कळत नाही. तो धरतो. परदेशातले जाणते पाळणारेसुद्धा मोठ्या अजगराला एकट्याने हात लावत नाहीत.

आता बॉल पायथनविषयी. हा साप चार-पाच फुटांपलीकडे सहसा वाढत नाही आणि धडधाकट माणसाचा जीव घेत नाही. तरीही तो घरात नको. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात, म्हणूनच पाच वर्षांखालची मुले असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असे अमेरिकेचे आरोग्य खाते सांगते. शिवाय हे साप येतात कसे? बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर पकडले गेले आहेत. असा साप विकत घेणारा त्या चोरट्या धंद्याला पैसा पुरवतो. परदेशी साप बाळगायचा तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पण नोंदणीचा कागद असला म्हणून पिंजरा वादळात टिकत नाही.

वादळ काय असते, हे दिवेआगरला सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर चढले. कौले, पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दुपारी कुणाच्या पडवीत पिंजऱ्यातला परदेशी अजगर असता, तर तो कुठे गेला असता? फ्लोरिडाने याचे उत्तर भोगले आहे. तिथे मालकांनी कंटाळून सोडलेले आणि घरांतून निसटलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत माजले. 1992 च्या अँड्र्यू वादळात फुटलेल्या पिंजऱ्यांचाही त्यात हात मानला जातो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथली रॅकूनची नोंद 99 टक्क्यांनी घटलेली आढळली. अमेरिकेसारख्या देशाला ते अजगर आजही आवरता आलेले नाहीत.

मांडुळाची गोष्ट वेगळी, आणि जास्त लाजिरवाणी. मांडूळही भक्ष्याला विळखा घालूनच मारतो, पण माणसाला त्याच्यापासून काडीचा धोका नाही. धोका आहे तो त्याला आपल्यापासून. गुप्तधन दाखवतो, असाध्य रोग बरे करतो, अशा थापांवर त्याला मडक्यात, पिंपात कोंडून ठेवतात आणि वजनावर लाखोंचे भाव सांगतात. रायगड जिल्ह्यातही अशी माणसे पकडली गेली आहेत. अहो, लोक ज्याला त्याचे दुसरे तोंड म्हणतात, ती म्हणजे बोथट शेपूट! शत्रूला चकवायला तो ती वर धरतो. गुप्तधनाचे म्हणाल, तर 17 नोव्हेंबर 1997 ला आपल्या गावात सुपारीच्या वाडीत सुवर्णगणेश सापडला, तो माणसाने जमीन खणताना. त्याच सोन्याच्या लोभाने मार्च 2012 मध्ये देवळाच्या दोन पहारेकऱ्यांचे जीव घेतले. लोभ काय करतो, हे या गावाने स्वतःच्या अंगणात पाहिले आहे.

कायदाही स्पष्ट आहे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे म्हणजे शिकार, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद व किमान 25,000 रुपये दंड. ‘पाहुण्यांसाठी ठेवला होता’ ही सबब कोर्टात चालत नाही.

आणि अजगराला वाडीबाहेर काढायची घाई तरी कशाला? कोवळे नारळ पोखरणारा उंदीर तो खातो. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते. पिंपात ठेवून हे होणार नाही. ज्या किनाऱ्यांवर एकेकाळी कासवांची अंडी उकरून खाल्ली जात, तिथेच आज जाळ्या बांधून ती राखतात आणि पिल्ले समुद्रात जाताना बघायला पर्यटक येतात. हा बदल कोकणातल्या गावांनी हौसेने केला. अजगराच्या बाबतीतही तो करता येईल.

तेव्हा कळकळीची विनंती. खुराड्याला बारीक जाळी लावा, रात्री दार घट्ट बंद करा. अजगर निघाला तर पोरांना लांब ठेवा, काठी मारू नका, पोट फुगलेले असेल तर हातही लावू नका, कारण डिवचल्यावर तो गिळलेले ओकून टाकतो. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कुणी साप विकायला आणला, किंवा कुठल्या घरात कोंडलेला दिसला, तरी याच क्रमांकावर कळवा. आणि पाहुण्यांनी अजगर दाखवा म्हटले, तर आमच्या गावात साप पाळत नाहीत, असे मान वर करून सांगा.

आपला,
दिवेआगरमधील एक वाडीमालक